‘पडीक’ हा शब्द खोडा

नुंगंबाक्कमच्या कचेरीत जमिनीसंबंधीच्या फायली चाळताना ‘पडीक’ हा शब्द वारंवार भेटतो. झाड नाही, पीक नाही, म्हणून जमीन पडीक! केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांचे माळही याच सदरात मोडतात. या एका शब्दाने माळढोकाचा घात केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पक्षी झाडावर घरटे बांधीत नाही. मादी उघड्या जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. गवताळ माळ हेच त्याचे घर. ते रिकामे समजून आपण तेथे नांगर घातला, विजेच्या तारा ओढल्या, हौसेने झाडेही लावली. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. तमिळ भाषेत त्यास ‘कानमयिल’ म्हणतात. नाव उरले, पक्षी या प्रांतातून केव्हाच गेला. मराठीतही तेच व्हावयाचे काय?

कारकुनाच्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. निर्णय नसेल, टिपण तर आहे! त्यात ‘पडीक’ न लिहिता ‘गवताळ माळ’ लिहावे. एवढे तरी आपण खचित करू शकतो.