पुजारी बाहेर, प्रेक्षक आत

वन्य पशूंच्या सान्निध्यात राहून चित्रे काढणाऱ्या कलावंतांचे कौतुक अलीकडे फार होते. बालाघाट जिल्ह्यातील मुक्की दरवाजाने कान्हाच्या अरण्यात शिरावे, जीपमधून वाघ पाहावा, मुक्कामी परतून तो कागदावर उतरवावा आणि निसर्गचित्रकार म्हणून मिरवावे! त्यांच्या हस्तकौशल्याशी माझे भांडण नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या शेजारी राहून ज्यांनी त्यास देव मानले, त्या बैगा-गोंडांची गावे याच अरण्यातून उठविली गेली, याचा उच्चारही कोणी करीत नाही.

सान्निध्य कशास म्हणावे? उमरिया जिल्ह्यातील लोढा गावच्या जोधैयाबाई बैगा यांनी रानातील लाकडे विकून संसार केला, साठी उलटल्यावर कुंचला हाती घेतला आणि २०२३ साली पद्मश्री मिळविली. २०२४ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या चित्रांतला बाघासुर हा तमाशाचा प्राणी नव्हे. तो आराध्य आहे. गोव्यातही वाघ्रो पुजला जातोच की!

आता कायदा पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी प्रवेशाचा परवाना आहे. पूजेचे नाव त्या यादीत नाही. १९७० साली कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते, आणि गावे उठल्याने मोकळी झालेली कुरणे त्यांस तारक ठरली, हे मी मान्य करतो. तथापि हेतू चांगला असला म्हणून संमती अनावश्यक ठरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक केली. पण तोवर कित्येक गावे केव्हाच उठली होती.

उद्या एखाद्या देवस्थानाच्या महाजनांनी पुजाऱ्यास घालवून गर्भागाराच्या दाराशी तिकिटे विकावयास आरंभ केला, तर आपण ते सोसू काय? सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास का आणावी लागली, हे आपल्या घरी अजून सांगतात. आपण निदान देव बरोबर आणले. बैगांचे देव त्या झाडांत, त्या दगडांत मागे राहिले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उठलेल्या गावांच्या लोकांस वर्षातील ठराविक दिवशी आपल्या जुन्या देवस्थानी विनामूल्य जाऊ द्यावे, आणि हा त्यांचा हक्क म्हणून नियमांत लिहावा. जीपवाल्या चित्रकारांनी त्या अर्जावर पहिली सही करावी.