मैदानावाचून शाळा

महापालिकेच्या माध्यमिक शाळेचे मोल दहावीच्या टक्क्यांवरून ठरविण्याची आपणांस सवय जडली आहे. लोअर परळमध्ये तरी हे माप अपुरे होय. ज्या गिरणगावाने कबड्डीचे संघ आणि कामगार रंगभूमी उभी केली, तेथील मुलांस खेळ व नाट्य चाळीच्या अंगणातच लाभे. शाळेने केवळ अभ्यास पाहिला तरी भागत असे. 1982 च्या संपानंतर ते जग ओसरले. 1991 च्या नियमान्वये गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळावयाचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी मूळच्या रिकाम्या जमिनीपुरतीच उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले! आमच्या मास्तरकीच्या काळी कवायतीचा तास गणितासाठी पळविला जाई. त्या पापाचे आम्हीही वाटेकरी आहोत. परंतु तास पळविण्यास निदान मैदान तरी होते. खेळाडूंस व कलावंतांस दहावीत वाढीव गुण देणाऱ्या शासनाने ते कमावण्याची जागाही दाखवावी. गिरण्यांच्या जमिनीवर जी मैदाने हाती आली, ती सकाळच्या वेळी या शाळांसाठी राखून ठेवण्यास महापालिकेस कोणती अडचण आहे?