मूळचे कोण?

आपल्या कोल्हापुरात नवा माणूस भेटला, की चहा येण्याआधी प्रश्न येतो : "आपण मूळचे कुठले?" प्रश्न आपुलकीचा आहे, त्यात वावगे काही नाही. परंतु या प्रश्नाची अट झाली, म्हणजे दोन शब्द बोलणे भाग पडते. यंदा शहरातील एका गायनस्पर्धेच्या पत्रकात, स्पर्धक 'मूळचा येथील रहिवासी' असावा, असे छापून आले. माझ्याकडे तीन वर्षे शिकणारी एक मुलगी त्यामुळे बाहेर राहिली. ती दिग्गीची.

दिग्गी कोठे आले, असे वाचक विचारतील. उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ, सह्याद्रीच्या रानात वसलेले हे लहानसे खेडे. काळी नदीचा उगम त्याच परिसरातला. तेथून निघून सुमारे १८४ किलोमीटर वाहत ती कारवारपाशी समुद्राला मिळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुलूख आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो. ही मुलगी घरी कोकणी बोलते, बाजारात कानडी बोलते आणि भजन मराठीत म्हणते. लोंढ्याला गाडी धरून मिरजेवरून ती येथे आली, ती केवळ गाणे शिकण्यासाठी.

त्या बाजूला 'मूळचे' हा शब्द कसा मोजावा, हाही प्रश्नच आहे. तालुक्याचे जुने ठाणे सुपे. काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. दिग्गीच्या पश्चिमेला घाट उतरला, की गोव्याचा सांगे तालुका लागतो. तेथील कुर्डी हे गाव साळावली धरणाने बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की मे महिन्यात ते वर येते; दूर वसवलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात आणि पावसाबरोबर गाव पुन्हा बुडते. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. गाव धरणात गेले, पण बाईंच्या नावात ते कोरडे उभे आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. ज्या गायकीचा अभिमान आपण मिरवतो, ती येथे कोणी आणली? शाहू छत्रपतींच्या पदरी राहिलेले अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातील उणियाऱ्याचे. केसरबाई गोव्यातील केरीच्या. लहानपणी शिकायला म्हणून त्या कोल्हापुरात आल्या होत्या. भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. या मंडळींना वेशीवरच 'मूळचे कुठले?' म्हणून अडवले असते, तर आज अभिमान कशाचा बाळगला असता? केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. ती पृथ्वीच्या वतीने गेली. तेथे केरीचा दाखला कोणी मागितला नाही.

माझे वडीलही येथले नव्हते. विशीतला तरुण गवई म्हणून ते दरबारात रुजू झाले आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा ती चाकरी संपली. गावी परतायचे सोडून ते येथेच शिकवण्या करीत राहिले. उतारवयात त्यांना मी झालो. आज लोक मला जुन्या घराण्यातला म्हणून नमस्कार करतात. म्हणजे 'मूळचा' होण्यास फार तर एक पिढी पुरते! मग त्या मुलीच्या पिढीने काय घोडे मारले आहे?

संयोजकांची बाजू मी जाणतो. पुण्या-मुंबईची तयारीची मुले एका दिवसासाठी येतात, बक्षिसे उचलतात आणि येथील मुलांना टाळ्या वाजवण्याचे काम उरते. ही तक्रार खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय सोपा आहे. स्पर्धकाने या शहरात निदान दोन वर्षे तालीम घेतलेली असावी, अशी अट घाला. तिने पाहुणे आपोआप गळतील आणि पहाटे उठून येथे षड्ज लावणारी मुले आत येतील, मग ती मंगळवार पेठेतली असोत की दिग्गीची.

जुन्या घरांतील माणसांना हे सांगण्याचे कारण असे की, आपल्याच बैठकींतून गाणाऱ्याची पारख करण्याची एक उत्तम रीत चालत आली आहे. नवा गवई समोर बसला, की जाणते श्रोते त्याला पहिल्याने विचारतात : "तालीम कोणाची?" गावाची चौकशी मागाहून, पानसुपारीच्या वेळी. स्पर्धेच्या पत्रकातही हाच क्रम ठेवावा. पुढच्या वर्षी ते छापायला जाण्यापूर्वी 'मूळचा' हा एक शब्द खोडला, तर काम भागेल.