विश्लेषण : छोटा कॅमेरा परतला, पण तो जोतिबाचा गुलाल सोसेल का?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचू लागल्या की हवेत गुलालाशिवाय काही दिसत नाही. प्रत्येकाला फोटो हवा असतो तो याच क्षणाचा. आणि नेमका याच क्षणी खिशातला महागडा छोटा कॅमेरा बाहेर काढायला हात धजावत नाही. संपला म्हणून सोडून दिलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा गेल्या काही वर्षांत पुन्हा मागणीत आला आहे. त्यामुळे पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यात काय बदलायला हवे, हा प्रश्न कोल्हापूरकरांसाठीही महत्त्वाचा आहे.

बुडालेला बाजार सावरला कसा?

सीआयपीए या जपानी कॅमेरा उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १० कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग स्मार्टफोन आले आणि २०२३पर्यंत हा आकडा सुमारे १७ लाखांवर घसरला. २०२४मध्ये मात्र तो थोडा वाढून १९ लाखांच्या जवळ गेला. वाढ लहान आहे, पण दशकभराची घसरण थांबली हे महत्त्वाचे. यामागे मोठा हात समाजमाध्यमांचा. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही आणि कॅननचा जी७ एक्स ही मॉडेल रिल्समधूनच तरुणांपर्यंत पोहोचली.

मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला?

याचे उत्तर सेन्सरच्या आकारात आहे. सेन्सर जितका मोठा, तितका प्रकाश जास्त. जुन्या स्वस्त डिजिकॅममधल्या सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर असे. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या चौपट. एपीएस-सी सेन्सर त्याच्याही तिप्पट.

अडचण अशी की शाओमी १४ अल्ट्रासारख्या फोनमध्येही आता एक इंची सेन्सर आहे. म्हणजे सेन्सरच्या बाबतीत फोनने जी७ एक्सची बरोबरी केली. फोन अंधारात एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो. समोरचे दृश्य स्थिर असेल तर हे छान जमते. रंकाळ्यावरच्या संध्याकाळसाठी फोन पुरतो तो यामुळेच. पण शाही दसऱ्याला, सूर्य मावळताना दसरा चौकात सोने लुटायला गर्दी झेपावते, तेव्हा हलणारे हात आणि चेहरे फोनमध्ये फिसकटतात. अशा वेळी मोठा सेन्सर आणि वेगवान फोकस लागतो. २०१९च्या जी७ एक्स मार्क ३मध्ये फोकसची पद्धत जुनीच आहे. त्याच वर्षीच्या सोनी आरएक्स१०० सेव्हनमध्ये हलणारी वस्तू पकडणारे ३५७ फोकस बिंदू आहेत. म्हणजे तंत्र आहे, ते सर्व मॉडेलांत यायला हवे.

कमी प्रकाशाशी झुंज कोल्हापूरला नवी नाही. बाबुराव पेंटर यांनी सहकाऱ्यांसह इथेच स्वदेशी चित्रपट कॅमेरा बनवला. १९२३च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले. गरज इथली होती, म्हणून उपायही इथल्या कामाला येईल असा शोधला.

सगळ्यात मोठी उणीव कोणती?

धूळ आणि पाणी. कॅमेरा सुरू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते. या हालचालीत हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर बारीक भुकटीही. लेन्स वेगळी निघत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेला कण घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. गुलाल तर मैद्यासारखा बारीक. गगनबावडा, राधानगरीचा पाऊस आणखी वेगळा.

आज बाजारात दोन टोके आहेत. ओएम सिस्टीमचा टीजी-७ पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, धूळही आत घेत नाही, पण त्याचा सेन्सर जुन्या डिजिकॅमएवढाच आहे. उलट रिको जीआरमध्ये मोठा एपीएस-सी सेन्सर आहे, पण धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. फुजीच्या एक्स१००व्हीआयला ते मिळते, मात्र वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच. मोठा सेन्सर आणि आयपी५२ दर्जाचे संरक्षण एकत्र हवे असेल तर लायका क्यू३ आहे. तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ५,९९५ डॉलर होती, म्हणजे पाच लाख रुपयांच्या आसपास. ही दोन्ही टोके परवडणाऱ्या किमतीत जुळवणे, हीच पुढच्या पिढीकडून खरी अपेक्षा आहे.

बॅटरी आणि फोटो पाठवण्याचे काय?

कंपन्यांच्याच मोजणीनुसार जी७ एक्स मार्क ३ एका चार्जिंगमध्ये सुमारे २३५ फोटो काढतो, रिको जीआर थ्री सुमारे २००. यात्रेचा एक दिवस यात भागत नाही. निदान चार्जिंगचा प्रश्न सुटतो आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी सक्तीचे केल्यामुळे फोनचीच पॉवर बँक चालू लागली. पण एक हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचे प्रकारही आहेत. पॅनासोनिकच्या टीझेड९५मध्ये व्ह्यूफाइंडर होता. २०२५च्या टीझेड९९मध्ये यूएसबी-सी आहे, व्ह्यूफाइंडर नाही. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा हा फरक जाणवतो.

राहिला प्रश्न स्टेटसचा. अॅप उघडा, वाय-फाय जोडा, वाट पाहा, तोवर मिरवणूक पुढे गेलेली असते. रिको जीआर फोरमध्ये ५३ जीबी अंतर्गत मेमरी आली, जीआर थ्रीमध्ये ती २ जीबी होती. कार्ड घरी विसरले तरी काम अडणार नाही. फोटो काढताक्षणी आपोआप फोनवर यावा, ही पुढची पायरी.

मग थांबायचे की घ्यायचे?

एक्स१००व्हीआय १,५९९ डॉलरला आला, जीआर फोर सुमारे १,५०० डॉलरला. नुसता डॉलरचा हिशोब केला तरी सव्वा लाखाच्या वर जातो. भारतात २०१९पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तरी किंमत चैनीचीच राहिली.

म्हणून खरेदीआधी मेगापिक्सेल बाजूला ठेवा. फुजी आता ४० मेगापिक्सेलवर पोहोचला आहे, पण इन्स्टाग्रामवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. दुकानात चार गोष्टी विचारा : सेन्सर केवढा, धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे का, यूएसबी-सी आहे का, आणि लेन्स उघडून साफ करायची वेळ आली तर कॅमेरा कुठे पाठवावा लागेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर थांबलेले बरे. आणि घेतलाच, तर जोतिबाला जाताना तूर्त तरी तो पिशवीतच ठेवा. गुलालातला फोटो मोबाइलवरच काढा.