काळ्या पडद्याची भीती कशाला?

कांद्याचा लिलाव पाहिलाय का कुणी? आपल्या हॉस्टेलवरच्या निम्म्या पोरांनी कांदा फक्त मेसच्या ताटात पाहिलाय, म्हणून सांगतो. मी विंचूरचा, तालुका निफाड. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात आहे. ट्रॅक्टर रांगेत लागतात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतात, दोन-चार कांदे हातात घेऊन दाबून बघतात आणि बोली सुरू! चार शब्दांत हजारोंचा माल विकला जातो आणि सौद्याची चिठ्ठी लगेच शेतकऱ्याच्या हातात पडते. पुढे काटा होतो, काटापट्टी मिळते, हिशोबपट्टी मिळते. थोडक्यात, बोलणं कमी, काम चोख आणि झालेल्या प्रत्येक गोष्टीचा कागद.

कमांड लाइनचं अगदी असंच आहे. आज त्याच काळ्या पडद्याची वकिली करायला हा लेख लिहितोय. मुद्दा साधा आहे. आपल्या कॉलेजात डिपार्टमेंटची, टेक-फेस्टची, ग्रंथालयाची, माजी विद्यार्थ्यांची अशा ज्या वेबसाइट आपण पोरंच चालवतो, त्या माऊसने क्लिक करत चालवणं बंद केलं पाहिजे. सर्व्हरवर एसएसएचने जाऊन आज्ञा टाइप करून त्या सांभाळल्या पाहिजेत. आणि हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांनी नाही, मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनीसुद्धा शिकलं पाहिजे.

"एवढं काय अडलंय? डॅशबोर्ड आहे की!" असं म्हणणाऱ्यांसाठी गेल्या उन्हाळ्याची गोष्ट.

परीक्षा संपवून मी घरी गेलो होतो. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला होता. रात्री साडेदहाला ज्युनिअरचा फोन, "दादा, आपली साइट उघडली की जुगाराची जाहिरात येते!" मोबाइलवर उघडून बघितलं, तर खरंच. ॲडमिशनचे दिवस तोंडावर आणि आमच्या डिपार्टमेंटच्या नावाखाली पत्त्यांचा डाव! सरांचा फोन यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. आमचं घर मळ्यात, नेटवर्कची एकच काडी, ती पण कडुनिंबाखाली उभं राहिलं तर. डॅशबोर्डचं लॉगिन पान उघडायला घेतलं, तर चक्र फिरतंय... फिरतंय... आणि शेवटी कोरं पान. तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच.

मग टर्मक्स उघडलं. अँड्रॉइड फोनवर चालणारं हे टर्मिनलचं ॲप फुकट मिळतं. एसएसएचने सर्व्हर गाठला आणि दोन मिनिटांत आत! कारण उघड आहे. डॅशबोर्डचं एक पान म्हणजे चित्रं, फाँट, जावास्क्रिप्ट मिळून भलं मोठं गाठोडं. एसएसएचमध्ये फक्त अक्षरं जातात आणि अक्षरं येतात. आणि आपण शहाणपणाने टीमक्स चालू ठेवलं असेल, तर मधेच नेटवर्क गेलं तरी तिकडे सर्व्हरवर काम चालूच राहतं. परत जोडलं की जिथे सोडलं तिथेच आपण उभे.

पुढचं काम डब्ल्यूपी-सीएलआयने केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वर्डप्रेसच्या साइट कमांड लाइनवरून चालवायचं हे साधन. २०११ साली सुरू झालं, पुढे वर्डप्रेसचा अधिकृत प्रकल्प बनलं. ड्रुपलवाल्यांसाठी ड्रश नावाचं असंच साधन आहे. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करा, नाहीतर मला शिव्या द्याल!)

पहिली आज्ञा, 'डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स'. ही आज्ञा वर्डप्रेसच्या आपल्याकडच्या प्रत्येक मूळ फाइलचा ठसा अधिकृत ठशाशी ताडून बघते. दोन फाइल बदललेल्या निघाल्या आणि एक तर तिथे असायलाच नको होती. दुसरी, 'डब्ल्यूपी यूजर लिस्ट', पुढे भूमिका ॲडमिनिस्ट्रेटर. यादीत आमच्यापैकी कुणालाच माहीत नसलेला एक 'ॲडमिन' बसलेला! तो काढला. 'कोअर डाउनलोड'ला 'फोर्स' आणि 'स्किप-कंटेंट' जोडून मूळ फाइली नव्याने आणल्या. तशीच तपासणी प्लगइनची केली. मग 'डब्ल्यूपी कॉन्फिग शफल-सॉल्ट्स', म्हणजे जे कुणी चोरून लॉगिन करून बसले असतील ते सगळे एका दमात बाहेर.

एवढ्यात अण्णा उठून बाहेर आले.
"एवढ्या रात्री काय टाइप करतोय रे झाडाखाली?"
"अण्णा, वेबसाइटमध्ये घाण शिरली, ती काढतोय."
"चाळीतला सडका कांदा काढतात तसं?"
"हो, तसंच."
"मग वरवरचे चार काढून भागत नाही. सगळी चाळ उपसावी लागंल."

अण्णा झोपायला गेले आणि मला एकदम आठवलं, ही ठसे ताडण्याची आज्ञा फोटो ठेवायच्या 'अपलोड्स' फोल्डरकडे बघतच नाही! तिथे शोधलं, तर फोटोंच्या ढिगात एक पीएचपी फाइल लपलेली. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपीचं काय काम? तीच होती सगळ्याचं मूळ. ती राहिली असती, तर आठ दिवसांत पुन्हा तेच रामायण. सव्वाबाराला साइट स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सगळं तपासलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि मगच सरांना फोन केला.

आता कुणी म्हणेल, हा आपली फुशारकी मारतोय. तसं नाही. खरी लाज वाटायची गोष्ट पुढेच आहे. साइटमध्ये घाण शिरली कशी? एक प्लगइन दीड वर्षं अपडेट केलेलं नव्हतं. का? तर डॅशबोर्डचा पासवर्ड पास-आउट झालेल्या सीनिअरकडे होता, त्याच्यानंतरच्याने "नंतर बघू" म्हटलं आणि आमच्याकडे अशा एक-दोन नाही, अकरा साइट होत्या. अकरा ठिकाणी लॉगिन करा, अकरा ठिकाणी अपडेटचं बटण दाबा, प्रत्येक ठिकाणी चक्र फिरताना बघत बसा. कोण करणार? पहिल्या महिन्यात उत्साहाने होतं, दुसऱ्या महिन्यात सबमिशन येतं, तिसऱ्या महिन्यात विसरतं. इथे आळशी माणसाइतकाच पद्धतीचाही दोष आहे.

कमांड लाइनवर हेच काम कसं होतं पाहा. एका छोट्या फाइलमध्ये अकरा साइटचे पत्ते टोपणनावांसह लिहून ठेवायचे. मग 'डब्ल्यूपी', त्यापुढे 'ॲट ऑल' आणि 'प्लगइन अपडेट ऑल'. एक ओळ, अकरा साइट. त्याआधी 'डीबी एक्सपोर्ट'ची एक ओळ, म्हणजे सगळ्यांचा बॅकअप. दर शनिवारी मेसमध्ये जेवायला जाण्यापूर्वी ही दोन कामं आटपतात.

दुसरा फायदा त्याहून मोठा, तो म्हणजे पट्टी, लेखी नोंद. "मी कुठेतरी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी टिक केलं आणि चालू झालं," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कुठे गेलास, काय टिक केलंस, देव जाणे! क्लिकचा कागद उरत नाही. टाइप केलेली आज्ञा मात्र जशीच्या तशी वहीत उतरवता येते, पुढच्या वर्षीच्या पोराला देता येते, चुकली तर कुठे चुकली ते दाखवता येतं. दर चार वर्षांनी आपली सगळी माणसं बदलतात. अशा ठिकाणी ज्ञान डोक्यात ठेवणं म्हणजे ते दर वर्षी गेटबाहेर सोडून देणं.

तिसरं, काही कामं हाताने केली तर बिघडतातच. साइटचा पत्ता 'एचटीटीपी'वरून 'एचटीटीपीएस'वर नेताना माझ्या मित्राने डेटाबेसची फाइल एडिटरमध्ये उघडली आणि सरसकट 'रिप्लेस ऑल' मारला. पान उघडलं, पण थीमची सगळी सेटिंग्ज गायब! कारण वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज ज्या रूपात साठवतं, त्यात प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्त्यात एक 'एस' वाढला, आकडा जुनाच राहिला, मापात फरक आला म्हणून पीएचपीने मालच नाकारला. ही लांबी अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजतात. 'कांदा' आपल्याला दोन अक्षरी दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे क, काना, अनुस्वार, द, काना असे पाच तुकडे होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट म्हणजे १५ बाइट! हे हाताने कोण मोजणार? 'डब्ल्यूपी सर्च-रिप्लेस' ही आज्ञा मजकूर बदलते आणि आकडाही नीट करते. त्यापुढे 'ड्राय-रन' लिहिलं, तर प्रत्यक्ष काही न बदलता किती ठिकाणी बदल होणार तेवढंच सांगते.

आणि हे काही फक्त परदेशातलं खूळ नाही बरं का! पुण्यातल्या आरटीकॅम्प या राहुल बन्सल यांच्या कंपनीने इझीइंजिन नावाचं साधन बनवून मुक्त स्रोत म्हणून जगाला दिलं आहे. 'ईई साइट क्रिएट', पुढे साइटचं नाव आणि प्रकार एवढं लिहिलं, की एनजिनएक्स, पीएचपी, डेटाबेस आणि वर्डप्रेस सगळं मांडून साइट उभी. सुरुवातीला ते बॅश स्क्रिप्ट होतं, मग पायथनमध्ये आलं आणि २०१८ मधली चौथी आवृत्ती पीएचपीत लिहिलेली, डॉकरवर चालणारी. म्हणजे स्वतःचं तयार साधन दोनदा बाजूला ठेवून त्यांनी नव्याने लिहिलं. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. पुणे आपल्यापासून किती लांब आहे? फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत आणण्याऐवजी असा एखादा कोड महिनाभर वाचला, तरी भलं होईल.

आता विरोधकांचं म्हणणं. आमच्या एका सरांनी मला स्पष्टच सांगितलं, "तुमच्या हातात टर्मिनल दिलं तर एक दिवस सगळा सर्व्हर उडवाल." सरांची भीती खोटी नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या कंपनीतल्या अनुभवी इंजिनिअरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या मशीनवर डिलीटची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढून ठेवलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. काळा पडदा "नक्की का?" असं विचारत बसत नाही, हे खरंच.

पण यातून धडा कोणता घ्यायचा? टर्मिनलला हात लावू नका, की बॅकअप परत लावून बघा? मला दुसरा वाटतो. डॅशबोर्डवरूनही एका क्लिकमध्ये साइट घालवता येते, हे आमच्या अकरा साइटच्या इतिहासात दोनदा सिद्ध झालंय! विहिरीच्या भीतीने पोहणं न शिकलेलं पोर एक दिवस विहिरीत पडतंच.

हल्ली अजून एक पळवाट निघाली आहे. "शिकायचं कशाला, एआयला विचारलं की कमांड मिळते." मिळते ना! मीही विचारतो. पण मिळालेली ओळ काय करते हे न समजता सर्व्हरवर चिकटवणं म्हणजे न वाचता कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं. आमच्या आजोबांच्या पिढीने असे अंगठे उठवले आणि जमिनी गेल्या. आपण तर शिकलेले आहोत.

म्हणून सर्व सरांना आणि मित्रांना चार सूचना. एक, एक सामायिक पासवर्ड बंद करा. प्रत्येकाची स्वतःची एसएसएच की असावी आणि पास-आउट झाल्या दिवशी ती काढली जावी. दोन, लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा जुना पीसी पोरांना मोडतोड करायला द्या. त्यावर साइट उभी करा, उडवा, परत उभी करा. खऱ्या सर्व्हरवर जायचा परवाना त्यानंतर. तीन, प्रत्येक साइटची एक वही असू द्या. कोणती आज्ञा, कोणत्या तारखेला, कुणी दिली, सगळं त्यात. चार, महिन्यातून एकदा बॅकअप परत लावून बघा. परत लावून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

यासाठी सिलॅबस बदलायची वाट बघायला नको, नवा निधी नको. शनिवारचे दोन तास पुरेत. मी स्वतः ज्युनिअर्सना शिकवायला तयार आहे. पहिल्या दिवशी काय शिकवणार तेही ठरलंय : 'डब्ल्यूपी लँग्वेज कोअर इन्स्टॉल एमआर', पुढे 'ॲक्टिव्हेट'. एंटर मारलं की वर्डप्रेसचा डॅशबोर्ड मराठीत बोलायला लागतो. काळ्या पडद्याची निम्मी भीती तिथेच जाईल.

परवा अण्णांचा फोन आला होता. कांद्याचा भाव सांगून झाल्यावर विचारत होते, "ती तुझी चाळ परत उपसली का रे नंतर?"

उपसली, अण्णा. आता दर शनिवारी उपसतो.