तीस तासांचे सदाचरण

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यास संशोधन व प्रकाशन नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. निर्णय योग्यच होता. तो व्हावयास विलंब झाला एवढेच. परंतु या तीस तासांची वाटणी पाहिली म्हणजे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. शास्त्रीय आचरणाच्या प्रकरणास जितके तास आहेत त्याहून अधिक, म्हणजे सात तास, माहितीसाठे आणि संशोधनाचे वजन मोजणारे निर्देशांक यांना दिलेले आहेत! नागरिकशास्त्राचा तास ज्याने कधी घेतला आहे त्याला ठाऊक असते की, व्याख्या पाठ करून गुण मिळतात. वळण मात्र लागत नाही.

२०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांचीही हीच गत आहे. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. साठ टक्क्यांहून अधिक भरल्यास नोंदणी रद्द. हे माप यंत्राला कळते, म्हणून ते सोयीचे आहे. पण उसने शब्द पकडणाऱ्या यंत्राला बनावट आकडा कसा दिसावा? पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांचे प्रकरण आठवावे. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्णिलेले कित्येक जीवाश्म वस्तुतः मोरोक्को, न्यूयॉर्क अशा दूरदूरच्या ठिकाणांचे असावेत, हे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून साधार मांडले. गुप्ता यांनी आरोप नाकारले. पुढे विद्यापीठाच्या चौकशीने त्यांस दोषी ठरविले. आमच्या मते या प्रकरणातील अधिक बोधप्रद भाग सहलेखकांचा आहे. जीवाश्म कोठे सापडले याविषयी ते गुप्तांच्या शब्दावर विसंबले, आणि निबंधांवर त्यांची नावे झळकली.

नवशिक्या संशोधकाची खरी अडचण येथेच आहे. खोटे वाईट असते हे त्याला शिकवावे लागत नाही. शिष्यवृत्तीच्या कागदावर, प्रबंधावर आणि शिफारसपत्रावर ज्याची सही लागते तोच मार्गदर्शक जेव्हा ‘हा एक बिंदू आलेखातून वगळ’ म्हणतो, तेव्हा पंचविशीतल्या मुलीने काय करावे? तिने विभागीय समितीकडे जावे, तर नियमांप्रमाणे त्या समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखाकडे! तो मार्गदर्शकाचा शेजारी असतो, क्वचित स्वतः मार्गदर्शकच. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांतील मुलेमुली आज प्रयोगशाळांतून राबत आहेत. हा प्रश्न त्यांस परका नाही.

निबंधांच्या संख्येची हाव वरूनच खाली झिरपते, हेही विसरून चालणार नाही. पुण्यातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट प्रतीची होती. ती शिफारस विद्यार्थ्यांनी केली नव्हती. प्रबंधापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२ मध्ये काढली, हे बरे झाले. नोकरीच्या मुलाखतीत मात्र निबंध मोजण्याची सवय सुटलेली नाही.

तेव्हा विद्यापीठांनी प्रथम मार्गदर्शकांस विद्यार्थ्यांशेजारी त्याच बाकावर बसवावे. त्यांनी केवळ शिष्याचे काम चौर्यमुक्त असल्याचा दाखला देऊन मोकळे होऊ नये. प्रयोगवहीची पाने क्रमांकित आहेत की नाहीत, फसलेला प्रयोगही तीत नोंदला आहे की नाही, हे दरमहा पाहून सही करावी. तासांत व्याख्यांऐवजी गुप्ता प्रकरणासारखी खरीखुरी प्रकरणे चर्चेस घ्यावीत. सहलेखक म्हणून नाव देताना कोणते प्रश्न विचारावयाचे, हे तेथे उमगेल. आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती विभागाबाहेरची असावी, तक्रार खरी ठरल्यास विद्यार्थ्यास दुसरा मार्गदर्शक व शिष्यवृत्तीची मुदतवाढ मिळेल असे लेखी आश्वासन असावे. यास नवी इमारत लागत नाही की मोठे अनुदान. मुंबई व पुणे विद्यापीठांच्या कुलगुरूंनी मनावर घेतल्यास येत्या प्रवेशापासूनच याचा आरंभ करता येईल.