नीलम कुणाच्या बोटात?

भाच्याला साखरपुड्याची अंगठी घ्यायची होती. "मामा, चारचौघांसारखी नको. तू इंजिनियर, तूच सांग."

म्हटलं, हिराच हवा असं कुठल्या शास्त्रात नाही. 'हिरा चिरंतन' हे आपल्याला डी बिअर्सच्या १९४७ सालच्या घोषवाक्याने पढवलं. दोन महिन्यांचा पगार घालायचा, हेही जाहिरातीतलंच. मग आजीच्या कुडीतला मोती? सुंदर, पण मोहस्‌च्या काठिण्य-मापावर जेमतेम २.५, रोजच्या वापरात टिकायचा नाही. पाचूला बहुधा आतूनच चिरा, आपटला की संपला. हिरा १०, खालोखाल नीलम ९. शिवाय नीलम इथल्याच मोंटाना राज्यात सापडतो. ठरलं!

पुण्याहून ताईचा फोन. "नीलम? अरे, शनीचं रत्न ते! पत्रिका दाखवलीस का?"

मी तोडगा काढला. पिवळा पुष्कराज घ्या. तो गुरूचा, आणि खनिज तेच, कोरंडम; काठिण्यही ९. ताई खूष, भाचा खूष, मी तर फारच खूष.

एवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "जिने घालायची, तिला विचारलंत का?"

तिघेही गप्प! पंधरा दिवस वाद घातला, पण हे कुणाला सुचलंच नव्हतं. भाच्याने विचारलं. तिला निळाच हवा होता.

ताई दोन दिवस बोलली नाही. मग फोन आला, "तिला आवडलाय ना? मग घ्या. फक्त पहिल्यांदा शनिवारी घालू दे म्हणावं."

शनिवारी तर इथे सुट्टीच असते!